अंकुरित बियांच्या श्वसनाचे मापन : एका रूढ प्रात्यक्षिकाची चिकित्सा

गोषवारा : अंकुरणाऱ्या बियांचे श्वसन मोजण्याचे प्रात्यक्षिक शालान्त वर्गापासून पदवीपर्यंत वेगवेगळ्या रूपांत करवून घेतले जाते. या प्रात्यक्षिकाचे उद्दिष्ट, त्यातून प्रत्यक्षात मोजली जाणारी राशी आणि त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष या तिन्हींत पडलेली तफावत तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एरंड, वाल व भात या तीन बियांच्या आधारे, आणि तळोजा परिसराच्या संदर्भात, ही चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : बीजांकुरण, पेशीश्वसन, श्वसन-गुणांक, गॅनॉंगचा श्वसनमापक, विनॉक्सिश्वसन

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सर्वाधिक वेळा होणाऱ्या प्रयोगांपैकी अंकुरित बियांच्या श्वसनाचा प्रयोग हा एक होय. साहित्य स्वस्त, बी सर्वत्र उपलब्ध, कालावधी दोन-तीन तासांचा आणि 'उत्तर' आधीच माहीत. ही शेवटची सोय हाच या प्रयोगाचा मुख्य दोष आहे असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. जे उत्तर आधीच माहीत असते ते मोजले जात नाही, लिहिले जाते.

या मताला एक वैयक्तिक कारण आहे व ते प्रांजळपणे नोंदवणे आवश्यक वाटते. अध्यापनाच्या पहिल्या वर्षी एका महाविद्यालयात श्वसन-गुणांकाचे प्रात्यक्षिक घेताना एका विद्यार्थ्याने अंकुरित एरंडाचा गुणांक ०.५ च्या आसपास काढला होता. तो तळोज्याकडच्या एका गावातून येणारा, घरी भातशेती असलेला, हाताने नीटस काम करणारा मुलगा. "मॅडम, दोनदा केलं, तेवढंच येतंय," असे त्याने सांगितले. प्रात्यक्षिकाच्या पुस्तकात मेदयुक्त बियांचा गुणांक ०.७ दिला होता. प्रस्तुत लेखिकेने त्याला 'वाचन चुकले असेल' असे सांगून ०.७ लिहावयास लावले आणि वहीवर सही केली. त्या तुकडीतील उरलेल्या सर्व वह्यांत ०.७ हाच आकडा होता. त्या वह्यांपैकी एकीतच खरे मापन होते हे समजण्यास पुढे काही वर्षे जावी लागली. त्याचे स्पष्टीकरण पुढे येईलच.

उद्दिष्ट एक, मापन दुसरेच

प्रथम या प्रयोगाचे सर्वांत साधे रूप घेऊ. शंकूपात्रात मोड आलेले हरभरे किंवा मूग, दोऱ्याने टांगलेल्या छोट्या परीक्षानळीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, बुचातून बाहेर काढलेली वाकवलेली काचनळी आणि तिचे दुसरे टोक चंचुपात्रातील पाण्यात. दोनेक तासांनी नळीत पाणी चढते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या प्रात्यक्षिकांत दीर्घकाळ स्थान असलेल्या या प्रयोगाचे उद्दिष्ट 'श्वसनात कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो हे दाखवणे' असे दिलेले असते.

पाणी का चढते? पात्रातील वायूचे आकारमान घटले म्हणून. आणि आकारमान का घटले? बियांनी ऑक्सिजन घेतला म्हणून. सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड पोटॅशने शोषला, म्हणजे हिशेबातून काढून टाकला. नळीतील पाण्याची उंची ही घेतलेल्या ऑक्सिजनची खूण आहे. बियांनी कार्बन डाय-ऑक्साइडचा एक रेणूही सोडला नसता आणि केवळ ऑक्सिजन घेतला असता, तरी पाणी तितकेच चढले असते. ज्या वायूची 'सिद्धता' होते असे वहीत लिहिले जाते, त्याविषयी हा प्रयोग एकटा काहीच सांगत नाही.

तो बोलू लागतो तो दुसरे पात्र शेजारी ठेवल्यावर. त्यात पोटॅशऐवजी तेवढेच पाणी असावे. पिष्टमय बियांच्या बाबतीत या पात्रात पातळी जवळपास हलत नाही, कारण घेतलेल्या ऑक्सिजनच्या जागी तेवढाच कार्बन डाय-ऑक्साइड येतो. दोन पात्रांतील फरक म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड. हे दुसरे पात्र पुष्कळदा मांडलेच जात नाही. मांडलेच तर उकळलेल्या बियांचे मांडतात आणि त्याला 'नियंत्रण' म्हणतात. उकळलेल्या बियांचे पात्रही हवेच, परंतु त्याचे काम वेगळे आहे. ते बी जिवंत असण्याचा संबंध दाखवते, वायू कोणता हे दाखवत नाही. शिवाय उकळलेले बी निर्जंतुक केले नाही तर दुसऱ्या दिवशी त्यावर जीवाणू व बुरशी वाढतात आणि 'मेलेल्या' बियांचेही श्वसन मोजले जाते. थर्मास फ्लास्कमध्ये अंकुरित बियांचे तापमान मोजण्याच्या प्रयोगात तर ही चूक हमखास होते.

वायू बियांचाच, पण हवाही प्रयोगात भाग घेते

पदवी वर्गात गॅनॉंगचा श्वसनमापक येतो. अमेरिकेतील स्मिथ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम फ्रान्सिस गॅनॉंग (१८६४–१९४१) यांच्या नावाचे हे उपकरण अध्यापनासाठीच घडवलेले आहे व त्या दृष्टीने ते उत्तमच आहे. गोलक, अंशांकित मोजनळी आणि रबरी नळीने जोडलेली समतलनळी एवढेच त्याचे भाग. संपृक्त मिठाचे पाणी घेऊन पातळीतील बदल वाचायचा, मग पोटॅशचे खडे टाकून पुन्हा वाचायचा, की दोन वाचनांतून श्वसन-गुणांक मिळतो. मिठाच्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड विरघळत नाही असे पुस्तके म्हणतात. तो कमी विरघळतो, इतकेच.

परंतु खरी अडचण विद्राव्यतेची नाही, तापमानाची व दाबाची आहे. हिशेब सोपा असून तो फळ्यावर क्वचितच केला जातो. समजा श्वसनमापकात २५ मिली हवा आहे. खोलीचे तापमान २५ अंशांवरून २६ अंश झाले तर वायूचे आकारमान सुमारे २९८ व्या भागाने, म्हणजे ०.०८ मिलीने वाढते. पात्रातील हवा ओली असते. २५ अंशांना संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या २३.८ मिमी, तर २६ अंशांना २५.२ मिमी असतो. या वाढीमुळे आणखी सुमारे ०.०५ मिली. एका अंशाला एकूण ०.१३ मिली. ०.०१ मिलीच्या खुणा असलेल्या नळीवर ही तेरा घरे झाली. आता वातावरणीय दाब. उष्ण कटिबंधात दाब दररोज सकाळी दहाच्या सुमारास कमाल आणि दुपारी चारच्या सुमारास किमान असतो व दोहोंत साधारण ३ ते ४ मिलिबारचा फरक पडतो. त्यामुळे २५ मिली हवा आणखी ०.०७ ते ०.१० मिलीने प्रसरण पावते. आपली प्रात्यक्षिके नेमकी याच वेळात असतात! सकाळी मांडलेल्या आणि दुपारी वाचलेल्या प्रयोगात तापमान व दाब हे दोन्ही घटक आकारमान वाढवतात आणि बियांनी घेतलेला ऑक्सिजन झाकून टाकतात.

यावरील उपाय शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तेवढ्याच आकारमानाचे काचेचे मणी भरलेले दुसरे पात्र शेजारी ठेवावे व त्यातील बदल वजा करावा. ओट्टो वारबुर्ग यांच्या, पेशीश्वसनाच्या संशोधनात अत्यंत उपयोगी ठरलेल्या दाबमापक पद्धतीत स्थिर तापमानाचे जलपात्र आणि असे थर्मोबॅरोमीटर हे दोन्ही अविभाज्य होते. वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या प्रयोगशाळांना काचेचे मणी मिळत नाहीत असे म्हणता येणार नाही.

तापमानाचा परिणाम बियांवरही होतो. दहा अंशांमागे श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो असे धरले, तर सकाळच्या २४ अंशांवर काम करणारी तुकडी आणि दुपारच्या ३२ अंशांवर काम करणारी तुकडी यांच्या वाचनांत पाऊणपट फरक पडावयास हवा. दोन्ही तुकड्यांच्या वह्यांत एकच आकडा असेल तर तो आकडा बियांकडून आलेला नाही.

मापनाचा छेदही संदिग्ध असतो. 'दहा कोरड्या बियांपेक्षा दहा मोड आलेल्या बियांनी इतका अधिक ऑक्सिजन घेतला' हे विधान बियांच्या संख्येनुसार एक सांगते, ओल्या वजनानुसार दुसरे आणि कोरड्या वजनानुसार तिसरे. भिजलेल्या द्विदल बियांचे वजन पाण्यामुळेच जवळपास दुप्पट होते. कोणत्या मापाने भागले ते वहीत लिहिलेले असावे, एवढी किमान अपेक्षा आहे.

एरंडाचा गुणांक

आता त्या वहीकडे वळू. मेदाचा श्वसन-गुणांक ०.७ हा आकडा चुकीचा नाही. ट्रायपामिटिनच्या एका रेणूच्या संपूर्ण ऑक्सिडीभवनास ऑक्सिजनचे ७२.५ रेणू लागतात आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे ५१ रेणू निघतात. भागाकार ०.७० येतो. चूक आहे ती 'मेद' या शब्दाच्या जागी 'अंकुरणारे मेदयुक्त बी' हे शब्द घालण्यात. अंकुरणारा एरंड आपले सगळे तेल जाळत नाही. तसे केले तर वाढणाऱ्या मुळाला व खोडाला भित्तिकांसाठी शर्करा कोठून मिळणार? तो तेलाचे सुक्रोजमध्ये रूपांतर करतो. हे कसे घडते ते हॅन्स कॉर्नबर्ग व हॅरी बीव्हर्स यांनी १९५७ मध्ये एरंडाच्याच बियांत दाखवले आणि ग्लायऑक्झिलेट चक्र पाठ्यपुस्तकांत आले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, ज्या पेशीअंगकात हे चक्र चालते ते ग्लायऑक्झिसोमही एरंडाच्या भ्रूणपोषातूनच वेगळे करण्यात आले.

या रूपांतराचे समीकरण मांडून पाहावे. पामिटिक आम्लाचा एक रेणू ऑक्सिजनचे ११ रेणू घेतो, सुक्रोजचा एक रेणू, कार्बन डाय-ऑक्साइडचे ४ रेणू आणि पाण्याचे ५ रेणू देतो. गुणांक ४ भागिले ११, म्हणजे ०.३६. बियांत काही तेल शर्करेत जाते, काही शर्करा पुढे जळते. म्हणून प्रत्यक्ष वाचन ०.३६ पासून वर कोठेतरी, बहुधा ०.७ च्या खाली येणे स्वाभाविक आहे. ०.५ हे वाचन वाईट हाताचे नव्हते. ते एरंडाचे होते.

विशेष हे की, आपल्याच अभ्यासक्रमात ग्लायऑक्झिलेट चक्र चयापचयाच्या प्रकरणात शिकवले जाते आणि श्वसन-गुणांक प्रात्यक्षिकात. दोन्ही शिकवणारी व्यक्ती पुष्कळदा एकच असते. त्यांची गाठ पडत नाही याचे कारण प्रात्यक्षिकाकडे आपण प्रश्न म्हणून पाहत नाही, गुणांची बाब म्हणून पाहतो. प्रस्तुत लेखिका त्यास अपवाद नव्हती.

वाल आणि भात

पाठ्यपुस्तकांतील वाटाणा हे बी येथे उसने आहे. रायगड जिल्ह्यात भात कापल्यानंतर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि घराघरांत वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड काढून, सोलून बिरडे करतात. सोलण्याची ही क्रिया श्वसनाच्या अभ्यासकास फार उपयोगी आहे. द्विदल बियांच्या अंकुरणात, मूळ बाहेर पडण्यापूर्वी, भिजलेले बीजावरण ऑक्सिजनला अडवते. आतील पेशी काही काळ विनॉक्सिश्वसन करतात, अल्कोहोल तयार होते आणि गुणांक १ च्या पुष्कळ वर जातो. आवरण फाटले की तो खाली येतो. भिजवलेला न सोललेला वाल आणि त्याच वेळचा सोललेला वाल दोन श्वसनमापकांत ठेवले, तर विद्यार्थ्यास ऑक्सिजनच्या प्रवेशाचा प्रश्न स्वतःच्या हाताने मांडता येतो. 'पिष्टमय बियांचा गुणांक १' हे वाक्य कोणत्या तासाला खरे आणि कोणत्या तासाला खोटे, हेही कळते.

भाताची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गहू व सातू यांचे बी ऑक्सिजनविना रुजत नाही. भाताचे रुजते, मात्र अर्धवट. पूर्ण ऑक्सिजनरहित पाण्यात त्याचे अंकुरकवच लांबते, मूळ आणि पान थांबून राहतात. पिष्ट फोडणारी विकरे भातात ऑक्सिजनविनाही कार्यरत राहतात व ऊर्जा किण्वनातून मिळते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऊर्जेचे दोनच एकक, जेथे ऑक्सिश्वसनात तीसच्या आसपास मिळाले असते. आता असे बी पोटॅश घातलेल्या श्वसनमापकात आहे असे समजा. ते ऑक्सिजन घेत नाही. सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड पोटॅश शोषून घेते. पातळी जागची हलत नाही. वहीत 'श्वसन नाही' अशी नोंद होईल आणि त्याच वेळी बी आपला पिष्टसाठा झपाट्याने संपवत असेल. आपल्या उपकरणाची ही आंधळी जागा नेमकी आपल्या मुख्य पिकावर येऊन पडते.

खारजमिनीत लावणी अवघड जाते तेथे मोड आलेले भात चिखलात फोकून पेरण्याची 'रहू' पद्धत कोकणात आहे. भिजवून दडपून ठेवलेले बियाणे तापते हे शेतकऱ्याला माहीत असते व ते किती तापू द्यायचे हेही. थर्मासमधला आपला प्रयोग त्याच्या घरी गोणीत चालतो. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे भाताचे वाण दिले आहेत. हे केंद्र तळोज्यापासून हाकेच्या अंतरावर असताना आपली प्रात्यक्षिके बाजारातून आणलेल्या वाटाण्यावर व्हावीत, हे समजण्यासारखे नाही.

येथे एका भारतीय पूर्वसूरीचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. प्राणकृष्ण परीजा यांनी केंब्रिजमध्ये एफ. एफ. ब्लॅकमन यांच्यासमवेत सफरचंदांच्या श्वसनावर केलेले काम १९२८ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाले. ऑक्सिजन काढून घेतल्यावर कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन घटण्याऐवजी वाढू शकते, या निरीक्षणावर त्या कामाचा भर होता. ते निरीक्षण शक्य झाले कारण त्यांनी बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड थेट मोजला. केवळ ऑक्सिजन मोजला असता तर ते हुकले असते. परीजा नंतर कटकच्या रॅव्हेन्शॉ महाविद्यालयात शिकवत होते.

सांडपाणी आणि बियाणे

हा प्रश्न वहीपुरता राहिला असता तर त्यावर लेख लिहिण्याची निकड नव्हती. तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीचे प्रदूषण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये येथील भटके कुत्रे निळे झाल्याची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. अशा परिसरातील महाविद्यालयांतून 'अमुक सांडपाण्याचा बीजांकुरणावर परिणाम' या विषयाचे प्रकल्प व शोधनिबंध मोठ्या संख्येने होणे साहजिक आहे. २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणल्यानंतर अशा निबंधांना वेग आला, हेही आपण सर्वजण जाणतो. त्यांची मांडणी ठरलेली असते. पेट्री बशा, मुगाचे दाणे, २५, ५०, ७५ व १०० टक्के तीव्रता, अंकुरणाची टक्केवारी, मुळांची लांबी. निष्कर्षही पुष्कळदा ठरलेला : कमी तीव्रतेला वाढ बरी दिसली, सबब योग्य प्रमाणात पाणी मिसळून हे सांडपाणी सिंचनास वापरता येईल.

या निष्कर्षामागे शेतकऱ्याचे खाचर उभे असते. म्हणून त्यात श्वसनाचे मापन आणले तर ते अधिक काळजीने वाचावे लागेल. 'ऑक्सिजन अधिक घेतला, म्हणजे बी अधिक जोमदार' हे अनुमान धोक्याचे आहे. डायनायट्रोफिनॉल किंवा पेंटाक्लोरोफिनॉल यांसारखी द्रव्ये ऑक्सिडीभवन आणि ऊर्जासंचय यांची जोडणी तोडतात. सौम्य मात्रेत त्यांच्यामुळे ऑक्सिजनचे शोषण वाढते आणि ऊर्जा मात्र कमी साठते. श्वसनमापक अशा बियाण्याला उत्कृष्ट ठरवील. वनस्पतींच्या तंतुकणिकांत सायनाइडला न जुमानणारा पर्यायी मार्गही असतो व त्यातून जाणारा ऑक्सिजन ऊर्जेच्या रूपाने फारसे काही देत नाही. कासाडीच्या पाण्यात उपरोक्त द्रव्ये आहेत असा दावा येथे केलेला नाही. श्वसनाचा एक आकडा एकटाच घेऊन पाण्याला निर्दोष ठरवता येत नाही, एवढेच म्हणणे आहे. त्याच्या बरोबरीने कार्बन डाय-ऑक्साइड, मुळाची वाढ आणि कोरड्या वजनातील घट मोजल्याशिवाय निष्कर्षाचे वाक्य लिहू नये. केवळ सामू व क्षारता सारखी ठेवलेले, विषारी घटक नसलेले पाणी हे नियंत्रणही अशा निबंधांत अपवादानेच दिसते.

प्रात्यक्षिकात काय बदलता येईल

अमेरिकेतील कॉलेज बोर्डाच्या जीवशास्त्र प्रात्यक्षिकांत अंकुरित वाटाण्यांचा हाच प्रयोग तयार कृतीच्या स्वरूपात होता. २०१२ च्या नव्या पुस्तिकेत तो विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न निवडून करावयाचा प्रयोग झाला. सगळेच अनुकरणीय आहे असे नाही, कारण तेथील तुकडीची संख्या आपली नाही. क्लार्क यांचा ऑक्सिजन इलेक्ट्रोड १९५६ पासून उपलब्ध आहे आणि अवरक्त किरणांवर चालणारे कार्बन डाय-ऑक्साइड संवेदक आता बरेच स्वस्त झाले आहेत, तरीही उपकरणाअभावी काम अडले आहे असे वाटत नाही. पोटॅश, मीठ, मणी, तापमापक व दोन पात्रे अधिक एवढ्यावर वरील बहुतेक दोष दूर होतात.

बदल प्रथम वहीच्या रकान्यात करावा लागेल. 'निष्कर्ष' या रकान्यात छापील वाक्य असू नये. 'अपेक्षित मूल्य' हा रकाना काढून त्या जागी तुकडीतील सर्व गटांची वाचने, प्रत्येक गटाच्या वेळी खोलीचे तापमान आणि मण्यांच्या पात्रातील बदल यावा. वेगळे वाचन आल्यास गुण कापण्याऐवजी त्या गटाने प्रयोग पुन्हा करून दाखवावा व तेच वाचन आल्यास ते तसेच राहू द्यावे. प्रस्तुत लेखिकेच्या प्रात्यक्षिकात गेली काही वर्षे एरंडाबरोबर सोललेला व न सोललेला वाल आणि पाण्याखाली ठेवलेले भात असे चार संच मांडले जातात. चारही संच एका तुकडीच्या वेळेत पुरे होत नाहीत. भाताचा संच दुसऱ्या दिवशी वाचावा लागतो आणि त्यासाठी कोणीतरी सुटीच्या दिवशी यावे लागते. बहुधा जवळच्या गावातले विद्यार्थी येतात.